सायकल, शिक्का आणि माकड: रे दांपत्याची सुटका मुलांना नेमकी कशी सांगावी?

वाचनकोपरा
नमस्कार मंडळी. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी वाचनालयात सहा फलकांचं छोटं प्रदर्शन आणि सोबत चाळीस मिनिटांचं सत्र ठरलं आहे. विषय आहे ‘क्युरियस जॉर्ज’ या माकडाचे जनक हान्स ऑगस्टो रे आणि मार्गरेट रे. जून १९४० मध्ये नाझी फौजा पॅरिसच्या वेशीवर आल्या, तेव्हा हे ज्यू जोडपं फ्रान्समधून कसं निसटलं आणि त्यांना कोणी हात दिला, हे मुलांपुढे मांडायचं आहे. मिळेल ते वाचलं, पण माहिती एकमेकींशी जुळत नाही. जाणकारांकडून पुढच्या गोष्टी पक्क्या करून हव्या आहेत:

१. दोघं पॅरिसपासून स्पेनच्या सीमेपर्यंत सायकलवर गेले का?
२. त्यांचा पोर्तुगीज व्हिसा फ्रान्समधले पोर्तुगालचे कॉन्सल (परदेशातले सरकारी प्रतिनिधी) आरिस्तिदिश द सोझा मेंदिश यांनी स्वतः दिला का? काही ठिकाणी त्यांच्याऐवजी व्हेरियन फ्राय यांचं नाव आहे.
३. सोझा मेंदिश यांनी ३०,००० लोकांना वाचवलं, हा आकडा फलकावर लिहावा का?
४. व्हिसा देणं हा गुन्हा कसा ठरला? अकरा-बारा वर्षांच्या मुलाला समजेल असं कसं सांगायचं?
५. सहावा फलक अशाच दुसऱ्या बालसाहित्यकारांसाठी ठेवला आहे. कोणाला घ्यावं?

मार्गरेट यांचं नाव काही ठिकाणी मार्गारेटे असंही दिसतं. तेही सांगा.

रूळ_आणि_रस्ता
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि या विषयावरच्या फलकांमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

दोघं १२ जून १९४० च्या पहाटे पॅरिसहून निघाले. जर्मन फौजा १४ जूनला शहरात शिरल्या, म्हणजे हाताशी जेमतेम दोन दिवस होते. पहिल्या टप्प्यात ते दक्षिणेला एताँपला पोहोचले. हे अंतर सुमारे ५० किमी. तिथून ऑर्लेआं आणखी सुमारे ७० किमी. वाटेत एक रात्र शेतघरात आणि एक गोठ्यात काढली. ऑर्लेआंहून पुढे दक्षिणेकडे त्यांना रेल्वे मिळाली. म्हणजे सायकलचा मुख्य प्रवास सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पॅरिस ते सीमेवरचं आँदाय हे अंतर रेल्वेने सुमारे ८०० किमी आहे.

भिंतीवरचा नकाशा १ सेंमी = ५० किमी या प्रमाणात काढा. आँदायपर्यंतची रेघ १६ सेंमी येईल, त्यात सायकलचा तुकडा जेमतेम अडीच सेंमी. सायकलला लाल, रेल्वेला निळा, जहाजाला हिरवा असे रंग ठेवले की बोलायची गरजच पडत नाही. एकाच रंगाची सलग रेघ काढून वर सायकलचं चित्र चिकटवलं, की मुलं घरी जाऊन सांगतात की ते सायकलवर पोर्तुगालला गेले.

पण सायकलचा टप्पा छोटा आहे म्हणून गुंडाळू नका. त्या दोन-तीन दिवसांत उत्तर फ्रान्समधून लाखो माणसं त्याच रस्त्यांवर उतरली होती. मोटारींना पेट्रोल मिळत नव्हतं, बंद पडलेल्या गाड्यांनी रस्ते अडले होते, वरून विमानांची भीती. अशा कोंडीत सायकल मोटारीपेक्षा पुढे सरकते, कारण ती उचलून गाडीच्या कडेने नेता येते.

दुकानात तेव्हा साध्या सायकली उरलेल्याच नव्हत्या, फक्त दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल होती. ती दोघांना जमेना. तिच्यात पुढच्या-मागच्या माणसाचे पाय एकाच लयीत पडावे लागतात, वळण फक्त पुढच्याच्या हातात असतं आणि सामान लादलं की तोल सांभाळणं आणखी अवघड होतं. मग हान्स यांनी सुटे भाग विकत घेऊन दोन सायकली स्वतः जोडल्या. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते, मार्गरेट ३४ वर्षांच्या. सोबत थंडीचे कोट, थोडं खाणं, पाणी आणि चित्रांसह हस्तलिखितं.

सीमेवर त्या सायकली कस्टमच्या लोकांना विकल्या आणि पुढचं तिकीट काढलं. आँदाय आणि इरुन यांच्या मधून बिदासोआ नदी वाहते. अलीकडे फ्रान्स, पलीकडे स्पेन. दोन्ही देशांच्या रुळांची रुंदी वेगळी असल्यामुळे गाडी बदलावीच लागे. माणसं उतरत, सामान उतरे, कागद पुन्हा तपासले जात. निर्वासितांची खरी परीक्षा अशा जागी व्हायची. नकाशावर या जागी मोठा ठिपका द्या.

पुढे स्पेन ओलांडून लिस्बन, तिथून जहाजाने रिओ द जानेरो आणि १४ ऑक्टोबर १९४० ला न्यूयॉर्क. पॅरिस सोडल्यापासून चार महिने. लिस्बनला पोहोचल्यावर गोष्ट संपवू नका, तो अर्धा रस्ता आहे.

मोहोर_वाचक
दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्याकडे घेतो. जरा लांबेल.

आधी फ्राय यांचा घोळ. व्हेरियन फ्राय हे अमेरिकी पत्रकार १४ ऑगस्ट १९४० ला दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयला उतरले. रे दांपत्य जून संपायच्या आत लिस्बनला पोहोचलं होतं. तारखा शेजारी लिहिल्या की प्रश्नच उरत नाही. निर्वासितांना फ्रान्सबाहेर काढण्याचं फ्राय यांचं काम फार मोठं आहे, पण ते शरणागतीनंतरच्या फ्रान्समधलं. तोवर युद्धबंदी कराराच्या १९ व्या कलमाने जर्मनी मागेल त्या जर्मन निर्वासिताला ताब्यात देणं फ्रान्सवर बंधनकारक झालं होतं आणि फ्रान्सबाहेर जाण्याचा परवाना हीच सर्वांत मोठी अडचण झाली होती. जून १९४० मधली अडचण वेगळी होती. पुढचा देश आत घेईल का, हा तेव्हाचा प्रश्न.

आता कागद. सत्रात मुलांना खेळवायचं असेल तर ही उतरंड पुठ्ठ्याच्या कार्डांवर करा:

चालू स्थितीतला पासपोर्ट.
समुद्रापलीकडचा एखादा देश घेईल याचा पुरावा, म्हणजे त्या देशाचा व्हिसा किंवा नागरिकत्व.
पोर्तुगालचा व्हिसा.
स्पेनमधून जाण्यापुरता संक्रमण व्हिसा.
फ्रान्स सोडण्याची परवानगी.
जहाजाचं तिकीट, आणि तिकिटाचे पैसे.

प्रत्येक कागद मागच्यावर उभा असतो. पोर्तुगालचा शिक्का नसेल तर स्पेन वाट देत नाही, कारण माणूस आपल्याच देशात अडकून पडेल अशी त्यांना धास्ती. आणि पुढे जाण्याची सोय दिसल्याशिवाय पोर्तुगाल शिक्का द्यायला नाखूश. त्यातून प्रत्येक कागदाला मुदत. एकासाठी रांगेत उभं राहावं तोवर दुसऱ्याची मुदत उलटते. खेळात एका गटाचं मधलंच कार्ड ‘मुदत संपली’ म्हणून काढून घ्या आणि पहिल्यापासून सुरू करायला लावा. व्हिसा म्हणजे काय हे मुलांना पाच मिनिटांत कळेल.

रे यांच्याकडे या उतरंडीतला एक दगड भक्कम होता आणि बहुतेक लेखांत तो एका वाक्यात उरकलेला असतो. ते ब्राझीलचे नागरिक होते. हान्स १९२० च्या दशकात रिओला गेले, तिथे ॲमेझॉनच्या काठाने बाथटब विकायचं काम करत. हॅम्बर्गचीच ओळख असलेल्या मार्गरेट १९३५ मध्ये तिथे पोहोचल्या, दोघांनी त्याच वर्षी लग्न केलं आणि मिळून जाहिरात संस्था चालवली. ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं ते त्या काळात, कुठलंही संकट दारात नसताना. या कागदाने तीन गोष्टी केल्या. युद्ध सुरू होताच फ्रान्सने जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे म्हणून छावण्यांत डांबलं, त्यात भले भले नाझीविरोधी लेखक-चित्रकारही होते. रे त्यातून वाचले. जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर १९३८ पासून लाल ‘जे’ मारला जाई, तो यांच्या पासपोर्टवर नव्हता. आणि समुद्रापलीकडे जायला हक्काचा देश होता. म्हणून ‘एका शिक्क्याने वाचवलं’ असं लिहू नका. तो शिक्का नसता तर बाकीचे कागद असूनही ते अडकले असते, हे मात्र खरं.

तो शिक्का स्पेनच्या सीमेजवळच्या बायॉन या फ्रेंच शहरातल्या पोर्तुगीज कॉन्सुलेटमध्ये २० जून १९४० ला मिळाला. त्यावर हात चालला तो तिथले अधिकारी मानुएल व्हिएरा ब्रागा यांचा, आणि ते सोझा मेंदिश यांच्या सूचनेवरून काम करत होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अचूक उत्तर असं: सही सोझा मेंदिश यांची नाही, निर्णय त्यांचा.

तो निर्णय नियमाबाहेरचा का ठरला? पोर्तुगालवर सालाझार यांची हुकूमशाही होती आणि देश तटस्थ होता. ११ नोव्हेंबर १९३९ ला लिस्बनच्या परराष्ट्र खात्याने सर्व कॉन्सलना परिपत्रक क्रमांक १४ धाडलं. नागरिकत्व नसलेले किंवा वादग्रस्त असलेले, रशियन, आणि मूळ देशातून हाकललेले ज्यू, अशांना लिस्बनची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही. वाचताना ही साधी कारकुनी अट वाटते. जूनमध्ये तार पाठवून उत्तराची वाट पाहायची म्हणजे माणसाला नाही म्हणण्यासारखंच होतं, कारण उत्तर येत नसे किंवा नकार येई. मुलांना सांगताना एवढंच सांगा: ‘विचारून द्या’ असा नियम होता, आणि विचारायला वेळच उरला नव्हता.

सोझा मेंदिश बोर्दोमध्ये कॉन्सल जनरल होते, वय ५४, चौदा मुलांचा संसार. फ्रेंच सरकार पॅरिसहून बोर्दोला आलं आणि मागोमाग निर्वासितांचा लोंढा. कॉन्सुलेटच्या जिन्यात, खोल्यांत माणसं झोपत होती. त्यांनी रब्बी खाइम क्रूगर यांना कुटुंबापुरता व्हिसा देऊ केला. क्रूगर म्हणाले, बाहेर थांबलेल्या सगळ्यांना मिळणार नसेल तर मलाही नको. त्यानंतर सोझा मेंदिश तीन दिवस अंथरुणाला खिळून होते. १७ जूनला उठले आणि मागेल त्याला व्हिसा देणार असं जाहीर केलं. शुल्क घेणं बंद, पुढेपुढे वहीत नोंद करणंही बंद. मुलं, सचिव, इतर माणसं हाताशी घेऊन सह्या आणि शिक्के यांची रांग लावली. बोर्दोनंतर बायॉन, मग थेट सीमेवर आँदाय. २३ जूनला सालाझार यांनी त्यांचे अधिकार काढले, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. २० जूनचा रे यांचा शिक्का या इवल्याशा फटीत बसतो. आठवडा आधी किंवा आठवडा नंतर तेच दार बंद होतं.

‘अचानक हृदयपरिवर्तन’ असंही रंगवू नका. नोव्हेंबर १९३९ मध्येच त्यांनी परवानगीविना व्हिसा दिला होता आणि त्याबद्दल समजही मिळाली होती. हा माणूस आधीपासून तसाच होता, जूनमध्ये फक्त प्रमाण वाढलं.

शिक्षा: शिस्तभंगाची चौकशी, ३० ऑक्टोबर १९४० ला आदेश. एक वर्ष अर्ध्या पगारावर कामाविना आणि मग सक्तीची निवृत्ती. घर कर्जात बुडालं, कुटुंब लिस्बनमधल्या ज्यू समाजाच्या अन्नछत्रात जेवत असे. ३ एप्रिल १९५४ ला ते वारले. १९६६ मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू नरसंहार स्मृतिसंस्थेने त्यांना ‘राष्ट्रांमधील सदाचारी’ हा मान दिला, पोर्तुगालच्या संसदेने १९८८ मध्ये त्यांची प्रतिष्ठा परत दिली, २०२१ मध्ये राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकभवनात, त्यांचं स्मारक झालं.

आता ३०,०००. हा आकडा फार पसरला आहे, पण फलकावर लिहू नका. बोर्दोच्या नोंदवहीत १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात २,८६२ व्हिसा आहेत, त्यातले १,५७५ हे ११ ते २२ जून या बारा दिवसांतले. इतिहासकार अव्राहम मिल्ग्राम यांनी ही मोजणी मांडली. उलट बाजूने हेही खरं की वहीत बोर्दोच आहे, बायॉन आणि आँदाय नाही. एका व्हिसावर अख्खं कुटुंब जाई, आणि घाईत नोंदच सुटली ती वेगळी. म्हणून ‘हजारो’ लिहा. शेजारी नोंदवहीचा आकडा देऊन तो कमी का पडतो हे मुलांनाच विचारा. अंदाज आणि मोजणी यातला फरक सातवीच्या मुलाला नक्की झेपतो.

वाचनकोपरा
मोहोर_वाचक, मनापासून आभार. कार्डांचा खेळ घेतेच आहे. एक शंका आहे. ब्राझीलचा पासपोर्ट असताना रे परिपत्रकाच्या कक्षेत येत होते का? येत नसतील तर नियम मोडून वाचवलं असं म्हणता येईल का?

मोहोर_वाचक
योग्य जागी बोट ठेवलंत. परिपत्रकात ज्यूंबद्दलचं कलम फक्त नागरिकत्वावर थांबत नाही, मूळ देशही धरतं. हॅम्बर्गमध्ये जन्मलेले ज्यू, पासपोर्टवर जन्मस्थान जर्मनी. आडमुठ्या कॉन्सलला ‘लिस्बनला विचारतो’ म्हणायला एवढं पुरेसं होतं. सरळमार्गी कॉन्सलने ब्राझीलकडे बघून दिलाही असता. त्या आठवड्यात बायॉनमध्ये वाद घालायला कोणी बसलंच नाही, समोर आलेल्याला शिक्का मिळत गेला. म्हणून वाक्य असं करा: ‘सोझा मेंदिश यांच्या आदेशामुळे बायॉनमध्ये त्यांना विनाचौकशी व्हिसा मिळाला.’ त्यात एक अक्षरही खोटं नाही.

मांडवीकाठ
गोव्याच्या वाचकांसाठी थोडं. परिपत्रक काढणारं सालाझार सरकार तेच, ज्याची सत्ता आपल्याकडे १९६१ पर्यंत होती. तेव्हा पणजीतल्या कचेऱ्यांची मान ज्या लिस्बनकडे वळलेली असे, त्याच लिस्बनचा हुकूम या कॉन्सलने बाजूला ठेवला. प्रदर्शन गोव्यात किंवा सिंधुदुर्गात फिरणार असेल तर हा धागा एका ओळीत जरूर द्या, मोठी माणसं तिथे थांबून वाचतील.

नावाचा उच्चार पोर्तुगीजमध्ये ‘मेंदिश’ असा होतो. आपल्याकडे ते आडनाव मेंडिस आणि सोझा म्हणून घरोघरी आहे, तसं लिहिलंत तरी चूक नाही, फक्त सहाही फलकांवर एकच रूप ठेवा. त्यांचं जन्मगाव काबानश द व्हिरियातु. तिथलं त्यांचं घर, कर्जात गेलेलं आणि पुढे पडझड झालेलं, दुरुस्त होऊन १९ जुलै २०२४ ला, म्हणजे त्यांच्या जन्मतारखेलाच, संग्रहालय म्हणून उघडलं आहे.

शाईचा_डाग
इतकी उत्तरं आली आणि पिशवीतल्या पुस्तकाबद्दल कोणी बोललं नाही! मुलं माकडासाठी येणार आहेत.

सायकलवर होतं त्या हस्तलिखितात माकडाचं नाव फिफी होतं. हे माकड त्याआधी ‘राफी आणि नऊ माकडं’ या गोष्टीत आलेलं, ती १९३९ मध्ये पॅरिसच्या गालिमारने छापली. त्यातल्या नऊ माकडांपैकी एकाला स्वतंत्र गोष्ट मिळाली. गालिमारकडून नव्या पुस्तकांसाठी मिळालेली आगाऊ रक्कम पळताना कामी आली. म्हणजे माकडाने तिकिटाचे पैसे अगदी शब्दशः दिले.

चित्रांनी आणखी एक काम केलं. युद्धाच्या सुरुवातीला दोघं दक्षिण फ्रान्समधल्या एका जुन्या गढीवजा घरात राहत होते. बोलण्यात जर्मन ढब, दिवसभर आत बसून काहीतरी करतात, म्हणून गावाला संशय आला आणि पोलीस झडतीला आले. खोलीत सापडली ती माकडाची चित्रं. पोलीस परत गेले. हा प्रसंग मुलांना सांगताना बॉम्ब, छावणी असं काही दाखवावं लागत नाही आणि तरी भीती नेमकी कळते: आपल्या बोलण्याच्या ढबीवरून शेजारी आपल्याकडे कसे बघू लागतात.

१९४१ मध्ये अमेरिकेत हाऊटन मिफ्लिनने पुस्तक छापलं आणि फिफीचा जॉर्ज झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा गादीवर राजा जॉर्ज सहावा, म्हणून तिथे माकडाचं नाव झोझो ठेवलं. एका माकडाची तीन नावं, हा मुलांचा सर्वांत आवडता भाग ठरेल. त्याच सामानातली पेंग्विनची एक गोष्ट तर २००० साली छापली गेली. तोवर हान्स (१९७७) आणि मार्गरेट (१९९६) दोघंही गेलेले.

नावाबद्दल: जन्मनावं हान्स ऑगस्टो रायर्सबाख आणि मार्गारेटे वाल्डश्टाइन. रिओच्या लोकांना रायर्सबाख उच्चारायला जड जाई, म्हणून आडनाव ‘रे’ असं छोटं केलं. पुस्तकांवर मार्गरेट, जुन्या कागदांवर मार्गारेटे, दोन्ही बरोबर. पहिल्या आवृत्त्यांवर मात्र फक्त हान्स यांचं नाव आहे, गोष्टींचं लेखन बरंचसं मार्गरेट यांचं असूनही. फलकाच्या शीर्षकात दोघांची नावं सारख्याच आकारात घ्या.

एक कळकळीची सूचना. जॉर्जच्या गोष्टीत तो पकडला जातो, जहाजावर चढतो, तुरुंगात पडतो, निसटतो. हे सगळं लेखकांच्या पलायनाचं रूपक आहे असं मुलांना सांगण्याचा मोह आवरा. गोष्ट पॅरिस सोडण्याआधीच लिहून झाली होती, मग पलायन तिच्यात कुठून येणार? तारखा इथेही आपल्या कामी येतात. शिवाय पिवळ्या टोपीवाला माणूस माकडाला जंगलातून पिशवीत घालून आणतो, त्यावर आजची मुलं ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारतात. विचारू द्या. उत्तर घाईने देऊ नका.

मूळ चित्रं आणि कागदपत्रं मिसिसिपीतल्या हॅटीसबर्गच्या विद्यापीठात, द ग्रमंड संग्रहात आहेत. फलकावर चित्र छापायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. सोपा मार्ग म्हणजे पुस्तक टेबलावर उघडून ठेवा आणि फलकावर मुलांनी काढलेली माकडं लावा.

दोन_भाषांतली_मुलगी
सहाव्या फलकासाठी दोन नावं सुचवते. दोन्हीकडे मदत वेगळ्या तऱ्हेने आली, म्हणून.

पहिलं, जुडिथ केर. चहाला आलेल्या वाघाचं चित्रपुस्तक (१९६८) त्यांचंच. वडील आल्फ्रेड केर बर्लिनमधले नाणावलेले नाट्यसमीक्षक, ज्यू आणि नाझींचे उघड विरोधक. फेब्रुवारी १९३३ मध्ये ते तापाने पडले होते, तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन आला: तुमचा पासपोर्ट जप्त होणार आहे. ते तसेच तापात उठून रेल्वेने प्रागला गेले. ५ मार्चच्या निवडणुकीच्या तोंडावर आई दोन मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला निघाली. निवडणूक होताच घरी पासपोर्ट मागायला माणसं आली. त्याच वर्षी १० मेला आल्फ्रेड केर यांची पुस्तकं जाळली गेली. या गोष्टीतल्या मदतगाराने कागद दिला नाही, कागद हिसकावला जाण्याआधीची खबर दिली. मुलांपुढे हे सोझा मेंदिश यांच्या शेजारी ठेवलं तर फार छान उमगतं. नंतर कुटुंब पॅरिसला आणि १९३६ मध्ये लंडनला. तिथे जाता आलं ते चित्रपटनिर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी आल्फ्रेड केर यांची नेपोलियनच्या आईवरची पटकथा विकत घेतली म्हणून. ती पटकथा पडद्यावर आली नाही, पण चौघांचं बस्तान बसलं.

जुडिथ यांची स्थलांतराची कादंबरी १९७१ ची आहे आणि तुमच्या वयोगटाला नेमकी बसते. तिचा काळ १९३३ पासून पुढचा, युद्धाच्या आधीचा. फलकावर ‘युद्धात पळाल्या’ असं लिहू नका, ‘छळातून निसटल्या’ लिहा.

दुसरं, लोरे सेगल. व्हिएन्नातली दहा वर्षांची मुलगी, डिसेंबर १९३८ मध्ये किंडरट्रान्सपोर्टच्या गाडीने इंग्लंडला. मुलांनाच नेणारी ही योजना होती, आईवडील मागे राहत. तिने इंग्लंडहून निर्वासित समितीला पत्रं लिहिली आणि त्यामुळे आईवडिलांना घरकामाच्या नोकरीवर व्हिसा मिळाला. ब्रिटनमध्ये तेव्हा घरगुती नोकरांसाठी असे परवाने मिळत. शिकल्यासवरलेल्या कितीतरी ज्यू बायका त्या वाटेने स्वयंपाकीण, मोलकरीण होऊन आल्या. पुढे लोरे अमेरिकेत कथालेखिका झाल्या, मुलांसाठीही लिहिलं. हाताने पत्र लिहिणारी दहा वर्षांची मुलगी हीच इथे मदत करणारी आहे, म्हणून मला हे नाव महत्त्वाचं वाटतं.

किंडरट्रान्सपोर्ट म्हटलं की निकोलस विंटन यांचं नाव घालायची सवय आहे. विंटन यांच्या गाड्या प्रागहून निघाल्या, ६६९ मुलं आली. व्हिएन्ना-बर्लिनच्या गाड्यांची व्यवस्था वेगळ्या संस्थांची. लोरे यांच्या फलकावर विंटन नकोत.

वाचनकोपरा
सर्वांची ऋणी आहे. आता असं ठरवते: पहिला फलक तीन रंगी नकाशा, दुसरा दोन सायकली, तिसरा कागदांची उतरंड, चौथा १७ ते २४ जूनचा आठवडा, पाचवा फिफी-जॉर्ज-झोझो आणि सहावा लोरे सेगल. जुडिथ केर यांचं पुस्तक टेबलावर ठेवून सत्रात एक उतारा वाचते. आकड्याच्या जागी ‘हजारो’, खाली नोंदवहीतले २,८६२. खेळासाठी सहा कार्डांचे पाच संच पुरतील ना? तीस मुलं आहेत.

मोहोर_वाचक
सहा-सहांचे पाच गट करा, म्हणजे प्रत्येकाच्या हातात एक कार्ड येईल. पण शिक्का एकच ठेवा, पाच नको. तो एका टेबलावर, एका मुलाकडे, आणि समोर पाच गटांची रांग. शिक्का मारायला फक्त तीन मिनिटं द्या. घड्याळ सर्वांना दिसेल असं ठेवा. तीन मिनिटं झाली की शिक्का काढून घ्या, रांगेत कोणी उरलं असलं तरी.

रूळ_आणि_रस्ता
आणि नकाशाची लाल रेघ काढून झाली की एकदा पट्टीने मोजा. अडीच सेंमीच्या पुढे जाऊ देऊ नका.